परागंदा, धरणग्रस्त आणि विधानसभा

‘निर्वासित’ हा शब्द महाराष्ट्राच्या तोंडी रुळला तो १९४७ नंतर. सिंधमधून निघालेली कुटुंबे बोटींनी मुंबईस उतरली, कल्याणजवळच्या ओस पडलेल्या लष्करी बराकींत त्यांची सोय झाली आणि १९४९ साली त्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. त्याच्याही आधी, दुसरे महायुद्ध चालू असताना, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे पोलंडमधून देशोधडीस लागलेली हजारो माणसे येऊन राहिली होती, आणि त्यांतल्या आजारी मुलांची व्यवस्था आपल्या पाचगणीस केलेली होती. निर्वासित म्हणजे परमुलखातून आलेला, वेगळी भाषा बोलणारा, सरकारी शिध्यावर दिवस काढणारा माणूस, असे चित्र त्यामुळे आपल्या मनात पक्के बसले. या चित्रात कृष्णाकाठचा किंवा कोयनाकाठचा शेतकरी कोठेच दिसत नाही.

आणि तरीही एकाच पिढीत या मुलखातल्या माणसांवर घर सोडण्याची पाळी दोनदा आली. पहिली पाळी १९४२ नंतरची. इंग्रज सरकारचे वॉरंट निघाले म्हणून शेकडो तरुण रानोमाळ झाले. त्यांना आपण ‘भूमिगत’ म्हणतो. गावातली जुनी माणसे ‘परागंदा’ म्हणत, आणि मला हा दुसरा शब्द अधिक खरा वाटतो, कारण ते जमिनीखाली गेले नव्हते, फक्त स्वतःच्या घरी जाऊ शकत नव्हते. दुसरी पाळी आली ती स्वराज्यात, धरणांमुळे. त्या माणसांना तर बरीच वर्षे धड नावही नव्हते. देशाची सीमा ओलांडली नसल्यामुळे निर्वासित म्हणता येईना, गुन्हा केला नसल्यामुळे परागंदा म्हणता येईना. ‘धरणग्रस्त’ हा शब्द पुढे चळवळीने रूढ केला आणि त्याला कायद्यात जागा मिळाली ती १९७६ साली.

या दोन्ही अनुभवांना जोडणारा एक माणूस वाळव्यात होऊन गेला. नागनाथअण्णा नायकवडी हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म १५ जुलै १९२२ चा. तरुणपणी परागंदा, पुढे संघटक, दोन वेळा आमदार, आणि उतारवयापर्यंत धरणग्रस्तांचे व दुष्काळग्रस्तांचे पुढारी. त्यांच्या वाटेचा विचार करताना आणखी एका माणसाची वाट शेजारी ठेवून पाहावी लागते. ते शंकरराव चव्हाण. ते आपल्या जिल्ह्यांतले नव्हेत. जन्म पैठणचा, १४ जुलै १९२० चा, आणि कर्मभूमी नांदेड. परंतु निजामाच्या राज्यातून बाहेर पडलेल्यांच्या छावणीतून राज्याच्या राजकारणात गेलेले ते आपल्या महाराष्ट्राचे सर्वांत मोठे उदाहरण आहे. या दोन वाटा अगदी वेगवेगळ्या दिशांनी निघाल्या आणि १९७६ च्या त्या कायद्यापाशी एकमेकींच्या फार जवळ आल्या. कशा, ते सांगावयाचे आहे.

प्रथम परागंदा माणसाचा दिवस कसा जातो ते पाहू. प्रतिसरकारच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. शेणोलीजवळ १९४३ साली अडवलेली गाडी, १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याजवळ लुटलेला सरकारी खजिना, असे प्रसंग वीररसाने सांगितले जातात, आणि ते सांगण्याजोगे आहेतच. पण खजिना लुटण्यास काही घटका लागतात. त्यापुढचे दिवस आणि महिने कोणाच्या घरी काढावयाचे, हा खरा प्रश्न असतो. कोणाच्या तरी माळवदावर निजावे लागते. कोणीतरी भाकरी थापावी लागते, आणि ती घरच्या हिशेबाबाहेरची दोन माणसांची भाकरी शेजारणीच्या नजरेस येऊ नये याची काळजी घ्यावी लागते. निरोप नेणारा पोऱ्या शहाणा असावा लागतो. पाटील-तलाठ्यांपैकी कोण आपला, कोण फौजदाराचा, हे ठाऊक असावे लागते. गाव फितले तर एक रात्रही निभत नाही.

म्हणून सातारच्या चळवळीला पहिल्यापासून दारोदार जाऊन माणसे जोडण्याचे काम करावेच लागले. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावाने जे प्रतिसरकार चालले त्याची न्यायदान मंडळे, तूफान सेना, दारूबंदी, कमी खर्चातली लग्ने, सावकारीला घातलेला पायबंद, हे सारे त्या आसऱ्याची परतफेड होती असे म्हटले तरी चालेल. ज्या घराने तुम्हाला लपवले त्या घरचा बांधाचा तंटा तुम्ही मिटवला नाही, त्या घरच्या लेकीला नांदवत नसलेल्या जावयाला जाब विचारला नाही, तर पुढच्या खेपेस ते दार उघडेल कशाला? लोकांनी या सरकारला ‘पत्री’ म्हटले. तळपायांवर पत्र्या ठोकण्याची शिक्षा त्यात होती, असे लोक सांगत. त्या नावात धाक आहे, आणि त्या कारभारात जुलूम मुळीच झाला नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण नुसत्या धाकावर तीन वर्षे कोणी लपून राहू शकत नाही.

या कामात बायकांचा वाटा किती होता, याची नोंद फार उशिरा झाली. नागनाथअण्णांच्या मातोश्री लक्ष्मीबाई या आसरा देणाऱ्यांत होत्या. कासेगावच्या इंदुताई पाटणकर तर स्वतः चळवळीत उतरल्या होत्या. घर कोणाचे असे विचारले तर सातबाऱ्यावर पुरुषाचे नाव निघते. पण परागंदा माणसासाठी दार उघडावयाचे की नाही, हे ठरवणारी स्त्री असे. ही गोष्ट पुढे धरणग्रस्तांच्या मोर्चांतही दिसून आली.

नागनाथअण्णा या साऱ्यात आघाडीवर होते. धुळ्याच्या खजिन्याच्या प्रकरणात ते होते. १९४४ साली ते गोळी लागून जखमी झाले, पकडले गेले आणि सातारच्या तुरुंगातून निसटले. त्या तुरुंगावरून आपल्यापैकी अनेकजण रोज जात-येत असतील. तो पाहिला म्हणजे जखमी माणसाने तेथून निसटणे काय असेल याचा अंदाज येतो. परंतु निसटण्यापेक्षाही निसटून जावयाचे कोठे, हा प्रश्न मोठा होता, आणि त्याचे उत्तर त्यांच्यापाशी आधीच तयार होते: गावोगावची ती घरे.

२५ फेब्रुवारी १९४६ रोजी शिराळ्याच्या डोंगरी भागात, सोनवडे-मणदूरच्या रानात पोलिसांशी चकमक झाली. तीत अण्णांचे सहकारी किसन अहिर आणि पंजाबातून येऊन त्यांना मिळालेले नानकसिंग हे दोघे पडले. मणदूर हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. वारणेचे खोरे ते हेच. पुढे चांदोलीचे धरण झाले ते याच परिसरात, आणि परागंदांना एकेकाळी आसरा देणाऱ्या त्या डोंगराळ मुलखातल्याच लोकांवर घर सोडण्याची पाळी आली. इतिहासात असे योग नेहमी येतात असे नाही. येथे तो आला.

१९४६ साली मुंबई प्रांतात पुन्हा लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेतली गेली आणि भूमिगत मंडळी उजळ माथ्याने गावात आली. येथे अनेकांची वाट संपते. काहींनी शेती धरली, काहींनी काँग्रेसमध्ये जागा मिळवली, काही शेतकरी कामगार पक्षाकडे किंवा कम्युनिस्ट पक्षाकडे गेले. अण्णांनी वाळव्यात शाळा उभी करण्याचे काम हाती घेतले आणि तिला किसन अहिरांचे नाव दिले. पुढे हैदराबादच्या मुक्तिलढ्यासही त्यांनी हातभार लावला.

आणि याच ठिकाणी दुसरी वाट दिसू लागते. १९४७-४८ साली निजामाच्या राज्यात रझाकारांचा उपद्रव वाढला तशी मराठवाड्याची हजारो माणसे सीमा ओलांडून मुंबई प्रांतात आणि वऱ्हाडात आली. सीमेलगत स्टेट काँग्रेसच्या छावण्या उभ्या राहिल्या. पैनगंगेच्या अलीकडे निजामाचे नांदेड, पलीकडे वऱ्हाडातले उमरखेड. उमरखेडच्या छावणीची जबाबदारी तरुण वकील शंकरराव चव्हाण यांच्यावर होती. अशा छावणीच्या प्रमुखाचे काम दोन प्रकारचे असे: सरहद्दीपलीकडच्या लढ्याची जुळवाजुळव करावयाची, आणि अलीकडे आलेल्या माणसांच्या निवाऱ्याची, धान्याची, आजाराची, भांडणांची विवंचना वाहावयाची. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करल्यावर लोक परतले. शंकरराव नांदेडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात महसूल खात्याचे उपमंत्री झाले, आणि साठीच्या दशकात महाराष्ट्राच्या पाटबंधारे व वीज खात्याचे मंत्री म्हणून त्यांचे नाव झाले. छावणीत शिधा मोजणारा माणूस पाणी मोजू लागला, असे कोणी म्हटले तर ते विनोदाने घ्यावे. पण नेटका हिशेब आणि कडक शिस्त ही त्यांची ख्याती शेवटपर्यंत टिकली.

नागनाथअण्णा १९५७ साली विधानसभेवर निवडून गेले. ती निवडणूक संयुक्त महाराष्ट्राची. तिच्यात खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना कराडमध्ये थोड्या मतांनी निसटता विजय मिळाला आणि नाना पाटील साताऱ्याहून लोकसभेवर गेले. एकेकाळी एकाच चळवळीत वावरलेली माणसे आता समोरासमोरच्या बाकांवर बसली. आसरा देणाऱ्या घरांनी मते दिली, हे या निकालाचे एक कारण आहे. पण तेवढेच नव्हे. पंधरा वर्षे ज्याने तुमचे तंटे मिटवले, ज्याच्यासाठी तुम्ही जीव धोक्यात घातला, त्या माणसाशी मतदाराचे नाते उपकाराचे नसते, हिशेबाचे असते. ‘आम्ही तुला ठेवून घेतले, आता तू आमचे बोल,’ असा तो हिशेब आहे. सिंधी निर्वासितांच्या बाबतीत नेमके हेच घडले. हशू अडवाणी हे सिंधमधून आलेले कार्यकर्ते चेंबूरच्या निर्वासित वस्तीत काम करीत करीत पुढे राज्याचे मंत्री झाले, ते छावणीने त्यांना आपले मानले म्हणून. घर सुटलेल्या माणसाबद्दल समाजाला दया वाटते म्हणून तो निवडून येतो, ही समजूत चुकीची आहे. दयेवर फार तर सदरा मिळतो.

एक आमदार, तोही विरोधी बाकावरचा, पाच वर्षांत काय करू शकतो? फारसे नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. प्रश्न विचारता येतात, खात्याकडून उत्तरे घेता येतात, जिल्हाधिकाऱ्याच्या दारात थांबावे लागत नाही. परंतु चळवळीतल्या माणसाला तेथे एक विद्या मिळते, ती म्हणजे सरकारची भाषा. संपादन, मोबदला, लाभक्षेत्र, बुडीत क्षेत्र, शासननिर्णय या शब्दांच्या आत काय दडलेले असते, हे मोर्चातून कळत नाही. १९६२ साली अण्णांची आमदारकी संपली. त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी त्यानंतरची आहे, आणि ती करताना ते आमदार नव्हते.

कारण तोवर कोयना भरू लागली होती. कोयनेचे धरण १९५४ ते १९६४ च्या सुमारास झाले. पाटण व जावळीच्या खोऱ्यातली शंभराच्या आसपास गावे शिवसागराखाली किंवा त्याच्या काठी उठवली गेली. पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे पोफळीस उतरवून वीज काढावयाची आणि ती वीज मुंबईच्या कारखान्यांस व महाराष्ट्राच्या शहरांस पुरवावयाची, ही योजना. देशाच्या दृष्टीने ती मोठी होती यात शंका नाही. आपण व्याख्यानाला ज्या दिव्यांखाली बसतो त्यांतही कोयनेचा वाटा आहे. पण उठलेल्या माणसाच्या पदरात काय पडले ते पाहा. त्याची जमीन डोंगरउताराची; नाचणी-वरीची. सरकारी दराने तिची किंमत काय होणार? जी रोख रक्कम हाती आली ती सावकाराचे देणे, लग्नकार्य आणि प्रवास यांत गेली. ज्या रानातून तो जळण, हिरडा, मध आणि गुरांचा चारा आणी, त्या रानाचा मोबदला कोणी धरलाच नाही, कारण ते त्याच्या नावावर नव्हते. एकाच गावची भावकी कोणी सोलापूरकडे, कोणी सांगलीकडे, कोणी कोकणात रायगड-ठाण्याकडे पांगली. ग्रामदैवत कोणी न्यावयाचे यावरून भाऊ भांडले. पुढे ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने, जे काठावर टिकून होते त्यांचीही घरे पाडली.

धरणग्रस्ताला जमिनीच्या बदल्यात जमीन का मिळाली नाही, याचे उत्तर नुसत्या सरकारी हलगर्जीत नाही. ते धरणाच्या जातीतही आहे. पाटबंधाऱ्याचे धरण असले तर त्याच्या खाली कालव्याने भिजणारा मुलूख असतो. त्याला लाभक्षेत्र म्हणतात. तेथल्या शेतकऱ्याची जिरायत जमीन पाणी मिळताच अनेक पटींनी मोलाची होते. तेव्हा त्या लाभातला थोडा वाटा, म्हणजे जमिनीचा एक तुकडा, बुडालेल्या माणसाला दे, असे त्याला सांगता येते. कोयनेचे पाणी तर मुख्यतः वीज करून पलीकडे समुद्राकडे जाणार होते. लाभ विजेच्या तारेतून दूर गेला. तारेच्या टोकाशी बसलेल्या गिरणीमालकाकडे किंवा चाळकऱ्याकडे जमीन मागावयाची कशी?

या कोड्यातून जो विचार पुढे आला तो धरणग्रस्तांच्या चळवळीचे खरे धन आहे. सत्तरीच्या दशकात बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथअण्णा आदींनी धरणग्रस्तांची राज्यव्यापी परिषद उभी केली. ‘आधी पुनर्वसन, मगच धरण’ ही तिची घोषणा. घोषणेत क्रमाला महत्त्व आहे. भिंत एकदा उभी राहिली, पाणी एकदा चढले, की उठलेल्या माणसाच्या हाती कसलेही बळ उरत नाही. भिंत अर्धी असतानाच त्याच्या शब्दाला वजन असते. परागंदा राहिलेल्या माणसाला ही वेळेची जाण असणारच. पण घोषणेच्या मागे मागणी होती ती कायद्याची: मोबदल्याचे पैसे ही दानत नव्हे आणि पुनर्वसन ही कृपा नव्हे, तो हक्क आहे, असे लिहून द्या.

१९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. देशातला हा अशा प्रकारचा पहिला राज्य-कायदा म्हणून ओळखला जातो. त्या वेळी मुख्यमंत्री होते शंकरराव चव्हाण. उमरखेडच्या छावणीत घर सुटलेल्यांची विवंचना वाहिलेला हाच माणूस पुढे पाटबंधारे मंत्री म्हणून धरणे बांधीत होता. त्यांच्या जन्मगावाशी, पैठणला, जायकवाडीच्या जलाशयासाठी गावे उठली होती. आणि त्याच माणसाच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात उठलेल्यांच्या हक्काचा कायदा झाला. छावणीची आठवण त्यामागे होती काय? तसे म्हणण्यास माझ्यापाशी आधार नाही, आणि अशा गोड तर्कांपासून सावध राहावे हे बरे. एवढे मात्र निश्चित की बाहेरून संघटना रेटत होती आणि आत बसलेल्या माणसाला धरणही हवे होते. धरण लवकर व्हावे असे ज्याला वाटते, त्याला लोक अडून बसलेले परवडत नाहीत. कायद्याचा जन्म बहुधा अशा दुहेरी गरजेतून होतो.

कायद्याची रचना थोडक्यात अशी. लाभक्षेत्रात ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक जमीन असलेल्या खातेदाराकडून टप्प्याटप्प्याच्या हिशेबाने, म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘स्लॅब’ म्हणतात त्या प्रमाणात, सरकार जमीन संपादन करते. ती धरणग्रस्ताला त्याच्या बुडालेल्या जमिनीच्या मानाने दिली जाते. नव्या वसाहतीत रस्ता, पाणी, शाळा, स्मशान अशा नागरी सुविधा सरकारने करून द्यावयाच्या. या कायद्याच्या जागी पुढे १९८६ चा व नंतर १९९९ चा कायदा आला, तपशील बदलले. संपूर्ण देशासाठी २०१३ चा भूसंपादनाचा कायदाही झाला. पण ‘ज्याला लाभ, त्याने वाटा द्यावा’ हे महाराष्ट्रातले मूळ सूत्र धरणग्रस्तांच्या चळवळीने आणले.

आता यातली खरी अडचण सांगतो. हा वाटा देणारा कोण? वाळवा, मिरज, हातकणंगले, शिरोळ अशा बागायती तालुक्यांतला ऊस लावणारा शेतकरी. म्हणजे नागनाथअण्णांचाच शेजारी, सोयरा आणि मतदार. सातबाऱ्यावर ‘पुनर्वसनासाठी’ असा शिक्का बसला की त्या जमिनीची खरेदी-विक्री थांबते, कर्ज मिळण्यास अडथळा येतो. लोकांनी कायदा लागू होण्याआधी घाईघाईने भावाभावांत वाटण्या करून खाती लहान केली. काही कोर्टात गेले. आणि डोंगरातून आलेल्या कुटुंबाला वाटपाचा कागद मिळाला तरी जमिनीत पाऊल टाकू न देण्याचे प्रकार झाले. त्या शेतकऱ्याला खलनायक ठरवणे सोपे आहे. पण चार पिढ्यांनी राखलेल्या जमिनीतला तुकडा अनोळखी माणसासाठी सोडताना कोणाच्याही पोटात कालवणारच. चारआठ एकरांच्या धन्याला सरकार शिक्का दाखवते आणि खरा मोठा लाभ घेणारा अनेकदा वाटण्यांच्या आडून सुटतो, ही तक्रारही खोटी नाही.

अशा तालुक्यात उभे राहून धरणग्रस्ताची बाजू घेणे, यात पुढाऱ्याची परीक्षा आहे. डोंगरातली मते डोंगरात आणि शेजाऱ्याची मते शेजारी. वारणेच्या धरणग्रस्तांसाठी अण्णा जे उभे राहिले ते या हिशेबाविरुद्ध. आणि याच तालुक्याने त्यांना १९८५ साली, पहिल्या आमदारकीनंतर अठ्ठावीस वर्षांनी, पुन्हा विधानसभेवर पाठवले. याचा अर्थ लोकांना आपली जमीन देण्याची हौस आली होती असा नव्हे. मधल्या काळात वाळव्याला सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता, मणदूरच्या रानात पडलेल्या किसन अहिरांच्या नावाचा. त्याच्या काटकसरीची आणि उसाला मिळणाऱ्या चांगल्या दराची ख्याती झाली होती. ज्याने उसाचा दर दिला त्याचे एक कडू बोलणे ऐकून घेण्यास शेतकरी तयार असतो. हे कोणी व्यवहार म्हणेल, आणि तो व्यवहारच आहे. लोकसंघटना नुसत्या त्यागावर चालते असे मानणारे तिला लवकर मोडीत काढतात.

आमदारकी पुन्हा संपली आणि काम पुन्हा वाढले. १९९३ साली आटपाडीस पाणी परिषद भरली आणि कृष्णा खोऱ्यातल्या तेरा दुष्काळी तालुक्यांचा लढा सुरू झाला. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, कासेगावचे डॉ. भारत पाटणकर हे त्यात होते. भारत पाटणकर हे इंदुताईंचे चिरंजीव, म्हणजे आसऱ्याच्या त्याच घरांची दुसरी पिढी. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या निवाड्याने महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट पाणी दिले होते आणि ते ३१ मे २००० पूर्वी अडवले पाहिजे अशी टांगती मुदत होती. आटपाडी, जत, माण, खटाव येथील माणूस दर दुष्काळात बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला किंवा मुंबईच्या माथाडीला जाई. हाही एक प्रकारचा निर्वासितच, फक्त दर वर्षी परत येणारा. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचे पाणी त्याच्यापर्यंत न्यावे आणि ते जमिनीच्या मापाने न वाटता दर कुटुंबाला सारखे द्यावे, भूमिहीनालाही द्यावे, ही या परिषदेची मागणी. योजनांचे पाणी पुष्कळ ठिकाणी पोहोचले. समान वाटपाची मागणी मात्र बहुतांशी कागदावर राहिली.

नागनाथअण्णांना २००९ साली पद्मभूषण मिळाले. २२ मार्च २०१२ रोजी ते वारले. शंकरराव त्याआधी, २६ फेब्रुवारी २००४ रोजी गेले होते. मुख्यमंत्रिपद दोनदा आणि देशाचे गृह व अर्थ खाते, एवढी मोठी वाट त्यांनी चालली. एकाची वाट सभागृहातून पुढे गेली, दुसऱ्याची सभागृहाला दोनदा स्पर्श करून गावाकडे वळली. कोणाची मोठी, असा प्रश्न व्याख्यानानंतर हमखास विचारला जातो. माझे मत विचाराल तर आतला माणूस नसता तर कायदा फार लांबला असता, आणि बाहेरचा नसता तर तो लिहिलाच गेला नसता. मात्र कायदा झाल्यावर त्याची अंमलबजावणी कोण करून घेतो, हे पाहिले तर पारडे बाहेरच्याकडे झुकते. मंत्री बदलतात, खाते बदलते, संघटना असली तर तीच तेवढी पुढच्या वर्षी पुन्हा दारात उभी असते.

२०१८ साली कोयनानगरला धरणग्रस्तांनी दीर्घ ठिय्या दिला. धरणाला तोवर साठ वर्षे होत आली होती. बसलेल्यांत नातवंडे होती, पतवंडे होती. आपल्या आजोबांचे कोणते गाव बुडाले, खाते कोणाच्या नावावर होते, त्यांना जमीन मिळाली की नुसता कागद मिळाला, हे त्यांना सिद्ध करावयाचे होते. आणि ज्या चावडीत ते दप्तर होते ती चावडी शिवसागराच्या तळाशी आहे.